वाचकांचे प्रश्न : जुन्या हाडांतला डीएनए आणि बदलता समुद्र

गेल्या अंकात आम्ही अंटार्क्टिकातल्या हत्ती-सीलवर एक लहानसं टिपण छापलं होतं. आज जिथे हत्ती-सीलचं एकही पिल्लू जन्मत नाही, त्या किनाऱ्यावर कधीकाळी त्यांची हजारो वर्षं टिकलेली वसाहत होती, आणि तिचा इतिहास तिथल्या वाळूतल्या कातडी-केसांतल्या डीएनएवरून उलगडला, एवढाच त्यातला मजकूर होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट भागांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. समुद्र इतका लांब असूनही वाचकांनी एवढ्या बारकाईनं विचारावं, याचं मनापासून समाधान वाटतं.

प्रश्न : हाडं, कातडी सापडली म्हणजे सील तिथे होते हे कळलंच. मग डीएनएचा खटाटोप कशासाठी? (शिक्षक, बार्शी)

हाडावरून ‘इथे होता’ एवढंच कळतं. तो कुठून आला होता, चुकून वाट चुकलेला एकटा होता की वसाहतीतला, त्याची पुढची पिढी कुठे गेली, हे हाड सांगत नाही. त्यासाठी डीएनए लागतो.

टिपणातलं उदाहरणच घेऊ. रॉस समुद्रातला व्हिक्टोरिया लँडचा किनारा हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली दबलेला होता. सुमारे ७,५०० ते ८,००० वर्षांपूर्वी तो थर मागे हटला आणि पुळणी मोकळ्या झाल्या. हत्ती-सीलला पिल्लं घालायला आणि कात टाकायला अशीच मोकळी पुळण लागते. त्याचं कात टाकणंही वेगळं असतं. केस एकेक करून गळत नाहीत, कातडीच्या वरच्या थरासकट त्यांचे तुकडेच्या तुकडे सोलून निघतात. वर्षानुवर्षं हे तुकडे वाळूत दबत गेले आणि थंड, कोरड्या हवेत टिकले. संशोधकांच्या हाती लागलेला मोठा साठा तो हाच.

मार्क दे ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्यातल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग, त्यांना स्वतःचा डीएनए असतो) आईकडून येतात, म्हणून त्यातून आईकडचे वंश ओळखता येतात. आज प्रजनन होणारी सर्वांत जवळची जागा म्हणजे मॅक्वारी बेट, तिथून २,५०० किलोमीटर दूर. व्हिक्टोरिया लँडचे पहिले सील तिथूनच आले असावेत, असं डीएनएवरून दिसलं. किनारा मोकळा झाल्यावर थोड्याच काळात वसाहत उभी राहिली आणि झपाट्यानं वाढली. एवढ्या लांबून आलेल्यांची वसाहत, म्हणजे तिच्यात वंशांची विविधता कमी असणार, अशी अटकळ होती. प्रत्यक्षात ती भरपूर निघाली. पुढे सुमारे १,००० वर्षांपूर्वी समुद्री बर्फ पुन्हा पसरला असं मानलं जातं, आणि त्याच सुमारास वसाहत उठली. काही सील मॅक्वारीकडे परतले, पण व्हिक्टोरिया लँडच्या वसाहतीतली बरीचशी विविधता कायमची गेली.

आमच्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हा शेवटचाच आहे. हत्ती-सील ही प्रजाती आजही आहे. प्रजातींची नुसती यादी पाहिली तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. जे गमावलं ते त्या यादीच्या रकान्यात मावत नाही, ते फक्त जुन्या डीएनएतच दिसतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : या प्राण्याला बर्फ हटणं मानवलं आणि थंडी परतणं भोवलं. बोहेड देवमाशाचं नेमकं उलट आहे, तो बर्फाच्या कडेनं जगतो. म्हणून ‘हवामानबदलाचा समुद्री सस्तन प्राण्यांवर परिणाम’ असं एकच वाक्य करता येत नाही. प्रत्येक प्राण्याला काय लागतं आणि ते त्याला नव्या जागी मिळतं का, हे आधी विचारावं लागतं.

प्रश्न : हाडातून डीएनए काढण्याची पद्धत पायऱ्या आणि प्रमाणांसह सांगाल का? पुस्तकात ‘सिलिका पद्धत’ एवढंच दिलं आहे. (एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी, सोलापूर)

जरूर. आधी हाडाची निवड, कारण निम्मं यशापयश तिथेच ठरतं. कानाच्या आतलं घट्ट हाड मिळालं तर उत्तम, नाहीतर दाताचं मूळ. देवमाशाची बरगडी किंवा मणका दिसायला प्रचंड असतो, पण आतून जाळीदार आणि तेलकट. त्या जाळीत माती, बुरशी आणि जिवाणू खोलवर शिरलेले असतात. भोक पाडण्याआधी फोटो आणि मोजमापं घ्यायचीच, जमलं तर सीटी स्कॅनही. खर्ची पडलेलं हाड परत मिळत नाही.

वरचा सुमारे १ मिलिमीटरचा थर घासून काढून टाका आणि हाडाला सर्व बाजूंनी अतिनील प्रकाश द्या. मग बारीक बिट लावून ड्रिल अगदी कमी वेगानं चालवा, थांबत थांबत. भाजल्यासारखा वास आला तर लगेच थांबा : हाड तापलंय आणि उष्णतेनं डीएनए तुटतोय. ५० मिलिग्रॅम भुकटी पुरते. ती पिठासारखी बारीक हवी. रवाळ राहिली तर कणांच्या आतला भाग विरघळत नाही. अशा प्रत्येक खेपेत एक नळी हाडाशिवाय, नुसत्या द्रावणांची ठेवायची आणि शेवटच्या पायरीपर्यंत न्यायची. ही कोरी नळी वगळून केलेल्या कामावर कोणीही विश्वास ठेवू नये.

५० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर द्रावण लागतं : ०.४५ मोलर ईडीटीए (पीएच ८), त्यात मिलिलिटरला ०.२५ मिलिग्रॅम प्रोटिनेज के. ईडीटीए हाडातला कॅल्शियम ओढून घेतो आणि प्रोटिनेज के कोलॅजेन फोडतो. नळी ३७ अंशांवर रात्रभर फिरती ठेवायची. पीएच ८च्या खाली गेला तर ईडीटीएचं काम मंदावतं आणि सकाळी तळाशी भुकटी तशीच दिसते. बहुतेक वेळा चूक इथेच झालेली असते.

सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्या आणि त्याच्या दहापट किंवा थोड्या जास्त बांधणी-द्रावणात मिसळून सिलिकाच्या गाळणीतून जाऊ द्या, डीएनए सिलिकाला चिकटून राहतो. बांधणी-द्रावणात ५ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड, ४० टक्के आयसोप्रोपॅनॉल, थोडं सोडियम अ‍ॅसिटेट आणि ट्वीन-२० असतं. दहापट का, हे समजून घ्या. जुन्या डीएनएचे तुकडे बहुधा ४० ते ७० अक्षरांचे (डीएनएच्या साखळीतलं एकेक एकक म्हणजे एक अक्षर) असतात. ताज्या रक्तासाठी बनवलेल्या नेहमीच्या किटमध्ये एवढे लहान तुकडे सिलिकाला चिकटतच नाहीत, धुण्यात वाहून जातात. विद्यार्थी म्हणतो ‘नमुन्यात डीएनए नव्हता’, आणि तो असतो सांडपाण्यात. भरपूर बांधणी-द्रावण आणि भरपूर आयसोप्रोपॅनॉल असेल तर ३५ अक्षरांपर्यंतचे तुकडेही हाती लागतात. ही पद्धत जेस डॅबनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडली. आज बहुतेक प्रयोगशाळा तीच किंवा तिचा एखादा प्रकार वापरतात.

सिलिका इथेनॉल असलेल्या द्रावणानं दोनदा धुवा, एकदा कोरडी फिरवा आणि २५-२५ मायक्रोलिटरमध्ये दोनदा उतरवून घ्या. कोरडी फिरवण्याची पायरी गाळली तर उरलेलं इथेनॉल पुढची विकरं अडवतं. उतरवलेलं द्रावण चहासारखं तपकिरी दिसलं तर मातीतली ह्युमिक आम्लं सोबत आली आहेत असं समजा. थोडा भाग दहापट पातळ करून वापरा, पुष्कळदा तेवढ्यानं काम चालतं.

एक धोक्याची सूचना : ग्वानिडीन असलेला कचरा आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतात. दोन वेगळे डबे ठेवा आणि त्यांवर ठळक लिहा.

यानंतर तुकड्यांच्या टोकांना अ‍ॅडॉप्टर जोडून ‘लायब्ररी’ बनते. दोन्ही टोकांना वेगवेगळे निर्देशांक (नमुना ओळखण्याच्या खुणा) लावा, नाहीतर डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या सिक्वेन्सिंग यंत्रात एका नमुन्याचे तुकडे दुसऱ्याच्या नावावर जातात. पीसीआरची (डीएनएच्या नकला करण्याच्या प्रक्रियेची) चक्रं डोळे मिटून वाढवू नका. क्यूपीसीआर (डीएनए किती आहे ते मोजणारा पीसीआर) करून हवी तेवढीच ठरवा, नाहीतर त्याच तुकड्याच्या हजार नकला वाचण्यात पैसे जातात. पहिल्या फेरीत दहा-वीस लाख तुकडे वाचून तीन गोष्टी पाहा : किती टक्के तुकडे प्राण्याचे, त्यांची लांबी किती, आणि टोकांवरची झीज. प्राण्याचा वाटा एक टक्क्याहून कमी निघाला तरी नवल नाही, बाकी सगळं मातीतल्या जिवाणूंचं असतं.

टोकांवरची झीज म्हणजे जुनेपणाची सही. काळाच्या ओघात सायटोसीनचा अमिनो गट गळतो आणि यंत्र ‘सी’च्या जागी ‘टी’ वाचतं. हे तुकड्याच्या टोकांना सर्वांत जास्त आणि मध्याकडे कमी होत जातं. नमुना ५,००० वर्षांचा म्हणवतो आणि ही झीज दिसत नाही, तर तुम्ही कोणाचा तरी ताजा डीएनए वाचत आहात.

प्राण्याचा वाटा फारच कमी असेल तर पूर्ण जीनोमच्या (प्राण्याच्या सगळ्या डीएनएच्या) मागे न लागता फक्त मायटोकाँड्रियाचा डीएनए आमिष लावून गोळा करता येतो. देवमाशात तो सुमारे १६,४०० अक्षरांचा आहे आणि प्रत्येक पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात, त्यामुळे तो हाती लागण्याची शक्यता खूप जास्त.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पीसीआर यंत्र आहे, सेंट्रिफ्यूजही चांगला आहे. रविवारी लॅब रिकामी असते. तिथे हे काम करता येईल का? (लॅब टेक्निशियन, सात रस्ता)

सिक्वेन्सिंगपूर्वीची कोणतीही पायरी तिथे करू नका. यंत्रात काही उणं नाही, अडचण खोलीची आहे. पीसीआर झालेल्या एका नळीत अब्जावधी प्रती असतात, आणि झाकण उघडताना त्यांतल्या असंख्य हवेत, टेबलावर, पिपेटवर जातात. जुन्या हाडातून आलेल्या द्रावणात कामाचे तुकडे काही हजारच असू शकतात. म्हणून जुन्या डीएनएची खोली वेगळी, शक्यतो वेगळ्या इमारतीत असते. तिथे गाळलेली हवा आत ढकलली जाते, म्हणजे दार उघडलं तरी धूळ बाहेर जाते, आत येत नाही. अंगभर सूट, मास्क, हातमोजे दोनावर दोन. आणि सर्वांत कडक नियम : ज्या दिवशी पीसीआरच्या खोलीत पाऊल टाकलं, त्या दिवशी स्वच्छ खोलीत जायचं नाही.

देवमाशांच्या बाबतीत एक खास अडचण आहे, तुमच्यासारख्या तंत्रज्ञानं ती जाणून घ्यावी अशी. देवमाशांचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा, आणि गाय, मेंढी, डुक्कर हे सगळे त्याच मोठ्या गटातले. पीसीआर सुरळीत चालावा म्हणून आपण जे अल्ब्युमिन घालतो ते गाईच्या रक्तातून काढलेलं असतं. किटमधल्या रसायनांतही गाय-डुकरांच्या डीएनएचा अंश सापडलेला आहे. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण देवमाशाच्या हाडातलं जवळपास काहीच उरलेलं नसेल आणि प्राइमर (कुठल्या भागाच्या नकला करायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) ढोबळ असतील, तर ते गाईचा तुकडा पकडतात आणि जेलवर अगदी योग्य जागी सुंदर पट्टी उमटते. ती सिक्वेन्स केल्याशिवाय खरी मानू नये. प्राइमरचं ३ प्राइम टोक अशा जागी ठेवावं जिथे देवमासा आणि गाय वेगळे आहेत. संगणकावर जुळवतानाही तुकडे एकट्या देवमाशाच्या जीनोमशी न जुळवता माणूस, गाय आणि डुक्कर यांच्या जीनोमसकट जुळवावेत, ज्याच्याशी उत्तम जुळेल त्याचा तो तुकडा. सील असेल तर यादीत कुत्रा घालायला विसरू नका, ते दोघेही मांसाहारी गणातले.

आपल्याकडच्या हवेबद्दलही सांगायला हवं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ब्लीचचं द्रावण फार लवकर निकामी होतं. रोज ताजं करा, सावलीत ठेवा. अतिनील दिवा निळा दिसतोय म्हणजे काम करतोय असं नाही. वापराच्या तासांबरोबर त्याची ताकद उतरत जाते, आणि सावलीत पडलेल्या भागावर त्याचा परिणाम शून्य. तासांची नोंदवही ठेवा.

प्रश्न : सीलच्या कातडीचं वय कार्बन-१४ने काढलं असेल. समुद्रातल्या प्राण्यांना ती पद्धत नीट लागू पडते का? (निवृत्त अभियंता, जुळे सोलापूर)

लागू पडते, पण दुरुस्ती केल्याशिवाय नाही. खोल समुद्रातलं पाणी शेकडो वर्षं हवेच्या संपर्कात आलेलं नसतं, त्यामुळे त्यातला कार्बन ‘म्हातारा’ असतो. ते पाणी वर येतं, त्यातून सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांना क्रिल (कोळंबीसारखे लहान समुद्री जीव) खातात, क्रिलना मासा खातो, माशाला सील खातो. परिणामी काल मेलेला सीलही यंत्राला जुना वाटतो. जगाच्या समुद्रांत हा फरक सरासरी सुमारे ४०० वर्षांचा आहे. अंटार्क्टिकाभोवती खोल पाणी मोठ्या प्रमाणावर वर येतं, तिथे तो १,००० वर्षांहून अधिक भरतो.

आता वरचंच उदाहरण बघा. वसाहत उठली सुमारे १,००० वर्षांपूर्वी. दुरुस्ती विसरलात तर ती २,००० वर्षांपूर्वी उठली असं निघेल, आणि तुम्ही भलत्याच शतकातल्या हवामानाला जबाबदार धराल. डीएनए बिनचूक, हवामानाची नोंद बिनचूक, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. देवमाशांत तर आणखी गुंता : तो एका समुद्रात खातो आणि दुसऱ्यात मरतो, मग दुरुस्ती कुठल्या समुद्राची लावायची? कार्बन आणि नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांवरून त्याच्या आहाराचा अंदाज घेतात आणि वयाचा आकडा मोठ्या फरकासकट देतात. तो फरक छापलेला नसेल तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. आणि ५०,००० वर्षांपलीकडे कार्बन-१४ चालत नाही.

प्रश्न : देवमासे कमी झाले ते शिकारीमुळे. त्यात हवामान कुठून आलं? दोन्ही कारणं वेगळी कशी करतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पंढरपूर)

शिकार सुरू होण्याआधीचे नमुने मिळवून. हाच मुख्य मार्ग, आणि म्हणूनच जुन्या डीएनएला पर्याय नाही.

कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात बास्क लोक (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे) देवमासे मारत. त्यांनी राइट व्हेल मोठ्या संख्येनं मारले, आणि त्या प्रजातीची आजची दैना तिथूनच सुरू झाली, असं मानलं जायचं. तिथल्या हाडांचा डीएनए तपासला तेव्हा जवळजवळ सगळी हाडं बोहेडची निघाली, राइट व्हेलचं फक्त एक. म्हणजे राइट व्हेल तिथे त्या काळीच विरळ असावेत, आणि बास्कांवर ठेवलेला तो दोष पुन्हा तपासावा लागला.

बोहेडचीच आणखी एक कथा. आज तो आर्क्टिकमध्ये राहतो. हिमयुगात तो उत्तर समुद्राच्या दक्षिण भागापर्यंत होता. नेदरलँड्सचे मच्छीमार तळ खरवडणारी जाळी ओढतात, त्यांत अशी हाडं येतात. अँड्र्यू फूट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की बर्फ उत्तरेकडे सरकला तसा बोहेडही सरकला आणि त्याचे वंश टिकून राहिले. जमिनीवरच्या थंडीतल्या अनेक प्राण्यांच्या वाट्याला हे आलं नाही. दिलासा वाटेल, पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की या शतकाच्या अखेरीपर्यंत बोहेडला योग्य असा मुख्य अधिवास जवळजवळ निम्मा उरेल. तेव्हा उत्तरेकडे जागा होती. आता त्याच्याही उत्तरेला काय आहे?

उलट ग्रे व्हेल. अटलांटिकमधला त्याचा समूह अठराव्या शतकाच्या सुमारास संपला. जुन्या हाडांतून दिसलं की पॅसिफिक आणि अटलांटिक यांच्यामध्ये त्याची ये-जा हवामान उबदार असताना आर्क्टिकमार्गे एकाहून अधिक वेळा झाली होती. हे माहीत असलं की २०१० साली इस्रायलच्या आणि २०१३ साली नामिबियाच्या किनाऱ्याजवळ ग्रे व्हेल दिसला, या बातम्यांचा अर्थ लागतो.

काही ठिकाणी दोन्ही कारणं एकापाठोपाठ येतात. स्टेलरची समुद्रगाय (उत्तर पॅसिफिकमधला प्रचंड, शाकाहारी सस्तन प्राणी) युरोपीयांना १७४१ साली दिसली आणि १७६८पर्यंत शिकारीनं संपली. तिचा जीनोम सांगतो की तिची संख्या माणूस तिथे पोचण्याच्या फार आधीपासून उतरत होती. म्हणजे शिकाऱ्यांच्या हाती लागलं ते एका मोठ्या समूहाचं शेवटचं टोक. यावरून शिकार निर्दोष ठरत नाही. आधीच आटलेल्या समूहाला २७ वर्षं पुरली, एवढंच कळतं.

आकडे वाचताना एक काळजी घ्या. डीएनएवरून निघते ती ‘परिणामकारक संख्या’, म्हणजे वंश पुढे नेणाऱ्यांचा हिशेब. डोकी मोजलेली नसतात. एकाच प्राण्याच्या जीनोमवरून जुनी संख्या काढणारी पीएसएमसी पद्धत गेल्या दहा-वीस हजार वर्षांबद्दल जवळपास काहीच सांगू शकत नाही, त्यामुळे तिच्यात शिकारीचा परिणाम शोधू नये. आणि आलेखात संख्या घसरलेली दिसली तरी दर वेळी प्राणी मेलेच असतील असं नाही. एक समूह फुटून दोन झाले, त्यांची ये-जा थांबली, तरी आलेख तसाच दिसतो. प्रबंधांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा आम्हाला इथेच दिसतो.

प्रश्न : भीमेच्या काठावर माती काढताना जुनी हाडं निघतात. त्यांत असा डीएनए असेल का? (शेतकरी, मंगळवेढा तालुका)

समुद्री प्राण्याचं हाड तिथे असण्याची शक्यता नाही. आणि कुठल्याही प्राण्याचं असलं तरी जुना डीएनए मिळणं कठीण. डीएनए तुटण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात चिंब, उन्हाळ्यात भट्टी. हरियाणातल्या राखीगढीत हाडांचे ६१ नमुने तपासले, तेव्हा एकातूनच उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला. २०१९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तरी हाडं जुनी वाटली तर धुऊ नका, कडक उन्हात वाळवू नका. जागेची खूण ठेवा, खोली टेपनं मोजून लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

प्रश्न : कोकणात सहलीला गेलो असताना किनाऱ्यावर मिळालेला मोठा मणका घरी आणला आहे. देवमाशाचा असावा. तपासून मिळेल का? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

आधी वन विभागाच्या कार्यालयात लेखी कळवून तो त्यांच्याकडे सोपवा. देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची हाडं, दात किंवा उलटी म्हणून ओळखला जाणारा अंबर विनापरवाना जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, सापडलं असलं तरी. किनारा, तारीख आणि भरतीच्या रेषेपासूनचं अंतर आठवत असेल तर अर्जात लिहा. त्या माहितीशिवाय हाडाचा अभ्यासाला फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : सगळी उदाहरणं ध्रुवांकडची आहेत. आपल्या अरबी समुद्राबद्दल काही माहीत आहे का? (गृहिणी, बार्शी)

आहे, आणि ते जगात आगळं आहे. जगभरचे हंपबॅक देवमासे थंड समुद्रात खातात आणि पिल्लं घालायला उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातला समूह मात्र वर्षभर इथेच राहतो. पावसाळ्यात नैऋत्य वारे ओमानच्या किनाऱ्याजवळचं खोल, थंड, पोषक पाणी वर आणतात, त्यावर तो पोसतो. म्हणजे ज्या मोसमी वाऱ्यांकडे आपला शेतकरी डोळे लावून बसतो, त्यांच्यावरच त्याचाही गुजारा आहे. जिवंत प्राण्यांच्या कातडीच्या नमुन्यांवरून २०१४ साली दिसलं की हा समूह सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा आहे. ओमानजवळच्या मोजणीत शंभरहून कमी प्राण्यांचा अंदाज निघाला. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले होते.

मोसमी वारे गेल्या काही हजार वर्षांत बळावले आणि मंदावलेही. त्या चढउतारांत या समूहाचं काय झालं, हे जुन्या हाडांतून काढता आलं तर पुढच्या काळासाठी ते फार मोलाचं ठरेल. अडचण तीच, उष्ण किनारा. म्हणून संग्रहालयांतल्या सांगाड्यांकडे पाहावं लागेल. चेन्नईचं सरकारी संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम इथे देवमाशांचे सांगाडे आहेत. असे सांगाडे तेल काढण्यासाठी उकळलेले, वरून वार्निश दिलेले असू शकतात. अशा वेळी आधी आतल्या कडेच्या हाडाचा अगदी छोटा नमुना घेऊन पाहावा, पृष्ठभागाचा नव्हे.

प्रश्न : प्रयोगशाळा हाताशी नसताना यातलं काही शिकता येईल का? (बीएस्सीचे तीन विद्यार्थी, सोलापूर)

येईल, आणि आम्ही म्हणू तेच आधी शिका. प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच अभ्यासांचे कच्चे तुकडे युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हवर फुकट मिळतात. १६ जीबी मेमरीचा, लिनक्स असलेला लॅपटॉप मायटोकाँड्रियाच्या कामाला पुरतो. सुरुवात लहान फाइलपासून करा.

अ‍ॅडॉप्टर कापा, जोडीचे तुकडे एकमेकांवर येत असतील तर एकत्र करा, ३० अक्षरांहून लहान तुकडे टाकून द्या. तेवढे लहान तुकडे कुठेही जुळतात. बीडब्ल्यूए या जुळवणीच्या प्रोग्रामच्या ‘एएलएन’ आज्ञेनं जुळवा. सीड (तुकड्याची सुरुवातीची अक्षरं आधी जुळवून पाहणं) बंद ठेवायला ‘एल’ला १०२४ द्या आणि ‘एन’ला ०.०१. सीड चालू राहिलं तर सुरुवातीच्या अक्षरांवर झीज असलेले, म्हणजे खरे जुने तुकडेच गळतात. मायटोकाँड्रियाचा डीएनए वर्तुळाकार असतो आणि संगणकातली संदर्भ-फाइल सरळ, त्यामुळे दोन्ही टोकांना तुकडे कमी जुळलेले दिसतात. संदर्भातली पहिली १०० अक्षरं शेवटी पुन्हा चिकटवली की ती खोट भरून निघते. मग नकला काढून टाका आणि झीज मोजणारा मॅपडॅमेज हा प्रोग्राम चालवा. ५ प्राइम टोकाशी ‘सी’चा ‘टी’ झालेल्यांची चढती रेघ दिसली की पुढे जा.

शेवटी एक उलटी चाचणी करा. तेच तुकडे गाईच्या मायटोकाँड्रियाशी जुळवा आणि किती जुळले, त्यांच्यावर झीज आहे का, ते लिहून ठेवा. झीज नसलेले गाईचे तुकडे मिळाले तर ते किटमधून आलेले असण्याचा संभव जास्त. हे काम हातात घेऊन हैदराबादच्या सीसीएमबीत किंवा लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करा. अर्जासोबत मॅपडॅमेजचा आलेख जोडा आणि तो तसा का दिसतो ते चार ओळींत लिहा.